‘मी चाललंय, म्हणान चालता’ : मालवणातल्या एका वैनीच्या वजनाची केस

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रात्री साडेअकराला वैनीचा फोन. एवढ्या उशिरा फोन म्हटल्यावर माझ्या काळजात धस्स झालं, आईला काही झालं की काय, तर बाईसाहेब वजनकाट्यावर उभ्या राहून बोलत होत्या. ‘‘गो, दहा आठवडे चाललंय, रविवार सोडून एक खाडो नाय, आनि काटो वर गेलो. सातशे ग्रॅम वर! तुझा ता व्यायाम-बियाम सगळा फुकट.’’

मी आहारतज्ज्ञ, कोल्हापुरात असते, माहेर मालवण. ही माझी सख्खी वैनी. तिला विचारूनच लिहितेय, नाव तेवढं घालू नको म्हणाली. केस लिहायचं कारण हे की असलं गाऱ्हाणं माझ्याकडे आठवड्याला दोनदा तरी येतं, पण बाकीच्यांच्या स्वयंपाकघरात मला कोणी दिवसभर बसू देत नाही, हिच्यात मी बसले.

आधी आकडे. वय ४४, उंची १५४ सेंटिमीटर, ऑक्टोबरमध्ये वजन ७१.४ किलो, कंबर ९७ सेंटिमीटर. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) ३० च्या किंचित वर. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, बायकांची कंबर ८० च्या आत हवी. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ६.१, म्हणजे डायबेटिस नाही पण उंबरठ्यावर (५.७ ते ६.४ हा तो उंबरठा). डॉक्टरांनी सांगितलं चाला, ही चालायला लागली. चिवल्याच्या किनाऱ्यावर सकाळी सव्वासहाला सहा बायकांचा ग्रुप, ५० मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस. आळस नाही, टंगळमंगळ नाही. त्यामुळे डिसेंबरात ७२.१ दिसल्यावर तिचा जो संताप झाला तो मला पूर्ण मान्य आहे.

फोनवर मी तिला पहिल्यांदा हिशेब सांगितला, जो खरं तर ऑक्टोबरमध्येच सांगायला हवा होता, ही माझी चूक. ७० किलोच्या माणसाने वाळूच्या कडेने साध्या झपझप चालीने ५० मिनिटं चाललं तर एकूण दोनशेच्या आसपास कॅलरी जातात, आणि त्यातल्या पन्नासेक तर नुसतं बसून राहिलं असतं तरी गेल्याच असत्या. म्हणजे वॉकची खरी कमाई दीडशे. आठवड्याला नऊशे, दहा आठवड्यांत नऊ हजार. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. म्हणजे खाण्यात काडीचा बदल झाला नसता, तरी जास्तीत जास्त किलो-सव्वा किलो उतरलं असतं. लोक मोबाइलवर दहा हजार स्टेप्स बघतात आणि वाटतं गड जिंकला. आणि दीडशे कॅलरी परत भरायला काय लागतं हो, मूठभर खवलेला नारळ घ्या, शंभर तिथेच झाल्या.

‘‘म्हणजे मी खाऊन भरून काढतंय असा म्हणतंस?’’ वैनी म्हणाली. मी म्हटलं माहीत नाही, बघूया. मग ती जे बोलली ते मी तेव्हाच कागदावर उतरवून ठेवलं. ‘‘तसा कधीतरी लाडू खातंय. पन मी चाललंय, म्हणान चालता.’’

या एका वाक्यात अर्धी केस होती, मला मात्र पूर्ण वाटली. घाई केली. मी ठरवून टाकलं की हा सगळा बक्षिसाचा खेळ आहे, चालून आलो म्हणजे खायचा परवाना मिळाला, आणि माझं लक्ष थेट ग्रुपच्या पोह्यांवर गेलं. या सहाजणी वॉक झाला की एकीच्या पडवीत बसतात, पाळीपाळीने कोणीतरी कांदेपोहे नाहीतर घावणे आणते, वर चहा. प्लेटभर पोहे आणि साखरेचा चहा म्हणजे तीनशेच्या आसपास. वॉकची कमाई दीडशे, खर्च तीनशे, हिशेब मिटला, मी फोनवरच सांगितलं की पोहे बंद.

परिणाम? वैनीने पोहे बंद केले आणि आठव्या दिवशी वॉकही. कारण ती चालायला पोह्यांसाठीच जात होती, म्हणजे पोह्यांसाठी नव्हे, त्या अर्ध्या तासासाठी. होमस्टे चालवणाऱ्या बाईला दिवसात कोणी आयती बशी हातात देत नाही, ती एकच वेळ. मी तीच कापली. दोन आठवडे ती घरीच, वर आईची टिप्पणी, ‘‘शिकलेली नणंद म्हणजे घरात डॉक्टर, औषध कडूच.’’

जानेवारीत चार दिवस सुट्टी काढून मी गेले. जायच्या आधी पोहे परत चालू करायला सांगितले आणि एक काम दिलं. साध्या शाळेच्या वहीत काय खाल्लं ते लिहायचं नाही (ते कोणी खरं लिहित नाही, मी पण लिहिणार नाही), फक्त वेळ आणि भूक लिहायची. शून्य म्हणजे पोट तट्ट, दहा म्हणजे डोळ्यांपुढे काजवे.

वहीची पहिली पानं बघून मी गारच पडले. सकाळी सव्वासात, वॉक झाल्यावर: भूक २. दुसऱ्या दिवशी ३. परत २. म्हणजे चालून आल्यावर तिला भूक लागतच नव्हती! आणि हे पुस्तकात आहे तसंच आहे. जोरात व्यायाम केला, पळलो, दम लागेपर्यंत सायकल मारली तर घ्रेलिन हे भुकेचं हार्मोन काही वेळ खाली येतं आणि आतड्यातली पीवायवाय, जीएलपी-वन ही तृप्तीची हार्मोन्स वर जातात, थोडा वेळ खावंसंच वाटत नाही. साध्या चालण्याने एवढं काही होत नाही, पण भूक खवळतही नाही. ‘व्यायामाने भूक वाढते म्हणून मी व्यायाम करत नाही’ म्हणणारे जे आहेत (माझा दादा त्यांचा अध्यक्ष) त्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं.

मग पुढची नोंद दुपारी साडेतीनची. भूक ९. दुसऱ्या दिवशी पावणेचार, भूक १०, पुढे कंसात ‘हात थरथरतत’.

साडेसात ते साडेतीन. आठ तास. या आठ तासांत जेवण असं काही नाही. नऊला बाजारातून मासे येतात, साफ करायचे, वाटप (म्हणजे खोबऱ्याचं वाटण) काढायचं, एक वाजल्यापासून पाहुण्यांची थाळी सुरू, शेवटचं ताट तीनला उठतं, मग घरातली माणसं, मग वैनी. ओट्याला टेकून, उभ्याने. घड्याळ लावून बघितलं मी, साडेनऊ मिनिटांत तिने भाताचा डोंगर, वर माशाचं कालवण, दोन तळलेल्या तुकड्या, उरलेला एक वडा आणि सोलकढी संपवली. पोट भरल्याचा निरोप आतड्याकडून मेंदूकडे पोचायला पंधरा-वीस मिनिटं जातात, तेवढ्यात तर हिची भांडी पण घासायला पडली होती. निरोप आला तेव्हा घरात कोणी नव्हतं म्हणायचं.

आणि ते मधले आठ तास उपाशी होते असंही नाही. एक दिवस मी पाटावर बसून नुसतं बघत राहिले. नारळ खवताना दोन वेळा चिमूट, चिमूट कसली, मूठच. कालवणाचं मीठ बघायला डावातून तळहातावर, दोनदा. वड्यांचा घाणा चांगला फुगतोय का म्हणून पहिला वडा. सुरमईची एक तुकडी तव्यावर मोडली, मोडलेली पाहुण्याला कशी वाढणार. मुंबईच्या पाहुण्यांच्या पोराने अर्धा वडा तसाच टाकला, तो ‘वाया कित्याक घालव’ म्हणून. तीन चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. प्रत्येक वेळी मी विचारलं की काय खाल्लंस, उत्तर एकच, ‘‘खाल्लंय खय? वायच चाखलंय.’’ माझ्या अंदाजाने पाच-सहाशे कॅलरी झाल्या, म्हणजे एक चांगलं जेवण, पण तुकड्या-तुकड्याने, तेल-नारळ-साखरेतून आणि जेवल्याचं समाधान शून्य. पोह्यांना मी उगाच फासावर दिलं होतं.

मला ही केस लिहावीशी वाटली ती याच्यासाठी. आम्ही दोघी वॉकमध्ये चूक शोधत होतो, आणि वॉकचा काही दोष नव्हता. किती खायचं हे वैनीच्या भुकेने ठरतच नव्हतं, ते पाहुण्यांच्या ताटांनी आणि घड्याळाने ठरत होतं. व्यायाम झाला तरी काम करणार भुकेवर, आणि त्या घरात भुकेला विचारतंय कोण?

इथे एक जुना अभ्यास सांगते, आपल्या देशातलाच. १९५६ मध्ये जाँ मेयर आणि सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या ज्यूट गिरणीत २१३ पुरुषांचं खाणं, काम आणि वजन मोजलं. अंगमेहनत जास्त तसं खाणं जास्त, हे दिसलं, त्यात नवल नाही. गंमत दुसऱ्या टोकाला होती. जे अगदी बैठं काम करत होते ते हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते, आणि वजनालाही भारी होते. म्हणजे शरीर थोडंफार हलत असेल तर भूक खर्चाच्या मागोमाग जाते, एका मर्यादेच्या खाली हालचाल गेली की भुकेचा काटाच सैल होतो. हे मी दादाला ऐकवलं. दादा पूर्वी रापणीला जायचा (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरतात ती), रस्सी ओढून हाताला घट्टे होते त्याच्या, सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा, आणि अंगावर मांस शोधावं लागायचं. आता नऊ वर्षं काउंटरवर बसतो, बुकिंगचे फोन घेतो, आणि खातो रापणीतल्याएवढंच. तो म्हणाला ‘‘माका कित्याक मधी घेतंस, केस तिची आसा.’’ बरोबर आहे, सोडते.

पण ‘व्यायाम वाढवला की खर्च तेवढाच वाढतो’ हे सुद्धा सरळ नाही बरं का. टांझानियात हाड्झा नावाचे शिकार करून, कंदमुळं खणून जगणारे लोक आहेत, हर्मन पॉन्झर आणि मंडळींनी २०१२ मध्ये त्यांचा दिवसाचा ऊर्जाखर्च प्रसिद्ध केला, तर शरीराचा आकार हिशेबात घेतल्यावर तो खुर्चीत बसणाऱ्या पाश्चात्त्य माणसाएवढाच निघाला. शरीर कुठेतरी दुसरीकडे काटकसर करतं. आणि माणसामाणसात फरक किती? इंग्लंडमध्ये लीड्सच्या संशोधकांनी ३५ जाड्या लोकांकडून १२ आठवडे देखरेखीखाली व्यायाम करून घेतला होता, आठवड्यात पाच दिवस, प्रत्येक वेळी ५०० कॅलरी मोजून. सरासरी ३.७ किलो उतरले, पण एकाचे १४.७ किलो गेले आणि एकाचं १.७ किलो वाढलं! व्यायाम सगळ्यांचा सारखाच मोजलेला. ज्यांचं कमी उतरलं त्यांची भूक आणि खाणं वाढलं होतं. त्याच गटाच्या कामात आणखी एक गोष्ट पुढे आली, जी मला पेशंटना सांगायला फार आवडते. नियमित व्यायामाने उपाशीपोटीची भूक थोडी वाढते, पण त्याच वेळी तेवढाच नाश्ता केल्यावर पोट आधीपेक्षा जास्त भरल्यासारखं वाटतं. दोन्ही एकदम. आता हे वैनीवर लावा. दहा आठवडे चालून तिला ‘जेवल्यावर भरल्यासारखं वाटणं’ हा फायदा मिळाला असेल तरी ती जेवतच नव्हती, चाखत होती, आणि मग ९-१० च्या भुकेने तुटून पडत होती. वाढलेली भूक पदरात, तृप्ती वाऱ्यावर.

तर बदल काय केला. मोठा एकच. साडेअकराला जेवायचं, पाहुण्यांच्या आधी, बसून.

लिहायला सोपं आहे. घरात तीन दिवस वादळ. आईचं म्हणणं, पाहुण्यांनी जेवायच्या आधी यजमानीण जेवली असं आमच्याकडे कधी झालं नाही. दादाचं म्हणणं, साडेअकराला वाटप कोण करणार. वैनीचं म्हणणं सगळ्यात अवघड, ‘‘माका तेव्हा भूक नसता.’’ आणि खरंच नसायची, वही बघितली तर साडेअकराला ३, कारण चाखणं आणि चहा चालू. मी म्हटलं भूक नसली तरी आठ दिवस माझ्यासाठी जेव, औषध समज. आईला पटवायला वेगळा मुद्दा लागला, हात थरथरत असताना कढईतल्या तेलापुढे उभी राहते ती, कधी भाजली तर? तिथे आई गप्प झाली.

ताट साधंच. नाचणीची नाहीतर तांदळाची एक भाकरी, कुळथाची पिठी वाटीभर दाट, कालवणातल्या माशाच्या दोन तुकड्या (तळलेल्या नाही, कालवणातल्या), आणि काकडी नाहीतर मुळा. कुळीथ आणि मासे का, तर प्रथिनं पोटाला सगळ्यात जास्त वेळ धरून ठेवतात. याला कुठल्या डब्यातली पावडर लागत नाही. चाखणं बंद करायला सांगितलंच नाही, मीठ कसं बघणार ती, फक्त तळहाताऐवजी चमचा आणि मोडकी तुकडी डब्यात, संध्याकाळच्या जेवणाला. पोराने टाकलेला वडा मांजराला. यावर वैनी अजून हळहळते.

पहिल्या आठवड्यात काही नाही, उलट दोन्ही वेळा जेवून झालं असणार. दुसऱ्या आठवड्यापासून साडेतीनची नोंद ९ वरून ६ वर, मग ५. भाताचा डोंगर मी कमी कर म्हटलं नव्हतं, तो आपोआप टेकडीएवढा झाला. फेब्रुवारीच्या शेवटी वहीत एका दुपारी लिहिलंय, ‘भूक ४, भात उरलो’. याचबरोबर आठवड्यातून तीन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा-दहाचे तीन सेट, आणि पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलायच्या, कारण वजन उतरताना मांस पण उतरतं आणि ते मला नको होतं.

मार्चअखेर ६९.६, कंबर ९३. काट्यापेक्षा मी टेपकडे जास्त बघते, आणि त्याला कारण आहे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनच्या जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, पण शरीरातली चरबी एकाची २१.२ टक्के आणि दुसऱ्याची ९.१. जास्त कोणाची ते सांगायला नको. आपली चरबी पोटात दडते, काट्याला दिसत नाही.

मग एप्रिल-मे. हा भाग मी पटकन सांगते कारण यात शहाणपणाचं काही नाही. सीझन, घर भरलेलं, आंबे, फणस, साडेअकराचं जेवण आठवड्यातून जेमतेम तीनदा, वॉक दोनदा, झोप पाच तास. मेअखेर ७०.१. झोप कमी झाली की भूक आणि गोडाची ओढ दोन्ही वाढतात हे मला माहीत होतं, पण मे महिन्यात मालवणात होमस्टेवालीला लवकर झोप म्हणून सांगायला मला तोंड नव्हतं. वजन उतरलं की चरबीतून येणारं लेप्टिन हे भूक आवरणारं हार्मोन कमी होतं, शरीर गेलेलं परत मागतं, तेही त्यात आलंच असणार. वैनी या वेळी संतापली नाही. म्हणाली, ‘‘पावस पडांदे.’’

जूनमध्ये पाऊस पडला. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, पाहुणे जवळजवळ नाहीत. किनाऱ्यावर वारा उभं राहू देत नाही म्हणून सहाजणींनी वॉक देवळाच्या सभामंडपात गोल गोल चालू केला, पोहे तसेच. साडेअकराचं जेवण रोजचं. जूनअखेर ६८.४, कंबर ९१, एचबीए१सी ५.८. नऊ महिन्यांत तीन किलो. जाहिरातीत टाकण्यासारखा आकडा नाही हा, पण साखरेचा आकडा बघून डॉक्टरांनी औषध सध्या नको म्हटलं.

वहीतली जूनची पानं मात्र मला परत परत बघावीशी वाटतात. पाहुणे नाहीत, ताटं नाहीत, दुपारी साडेबारालाच सगळं घर जेवून मोकळं, वैनीचं तर साडेअकरालाच झालेलं, आणि तरी पहिले पंधरा दिवस नोंद काय, तर साडेतीन: ७. साडेतीन: ७. साडेतीन: ६. शेजारी लिहिलंय, ‘काम नाय, पावणे नाय, तरी साडेतीनाक पोटात कावळे वरडतत.’ घ्रेलिन नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी आपोआप चढतं, शरीर वेळ पाठ करतं, आणि हिच्या शरीराने नऊ वर्षं हीच वेळ पाठ केली होती. फोनवर विचारलं, मग काय करतेस तेव्हा? म्हणाली सोलकढी पितंय आणि पडवीत पावस बघत बसतंय, कावळे वीस मिन्टा वरडतत आनि मगे जातत. जूनच्या शेवटच्या पानावर साडेतीनसमोर ४ आहे, आणि त्याखाली आणखी एक नोंद, अक्षर दादाचं: ‘साडेतीन. भूक ८. लाडवाचो डबो खय ठेवलंस?’